माझीही आजी इथलीच

"जर्सी काढ."

सर असं म्हणाले तेव्हा मी नागावच्या किनाऱ्यावर उभी होते. माझ्याच गावात. सकाळची वेळ, ओहोटी लागलेली. संघाच्या फोटोसाठी आम्ही सगळ्या मुली ओळीत उभ्या होतो. अंगात निळी जर्सी. पाठीवर सात नंबर. छातीवर देशाचं नाव.

मला वाटलं, दुसऱ्या कुणाला बोलतायत.

"तू गं, सात नंबर. काढ आणि जस्मिनला दे. फोटोग्राफर खोळंबलाय."

"इथं?"

"आत काहीतरी घातलंयस ना? मग झालं."

आत माझा कबड्डीचा जुना बनियन होता. काखेत उसवलेला. बनाना बोटीसाठी पर्यटकांची रांग लागली होती, ती सगळी रांग बघत होती. घोडागाडीवाले बघत होते. समोरच्या होमस्टेच्या फाटकात माझी आई चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ती तिथं स्वयंपाकाला आहे. लेकीचा फोटो निघणार म्हणून चहा घेऊन ती स्वतः बाहेर आली होती.

मी जर्सी काढली. काढताना कानांना अडकली. कुणीतरी हसलं.

जस्मिन आदल्या संध्याकाळी इंग्लंडहून आली होती. माझ्याच वयाची. तिनं जर्सी घेतली आणि खाली बघत "सॉरी" म्हणाली. माझ्या घामानं ओली झालेली जर्सी तिनं अंगात घातली. फोटो निघाला.

मग सरांनी पाण्याच्या बाटल्यांचा खोका पायानं माझ्याकडे सरकवला.

"चल, पाणी दे सगळ्यांना."

मी पाणी दिलं. जस्मिनलाही दिलं.

नागावच्या नारळाच्या बागा तुम्ही पाहिल्या असतील. त्यांच्या मागं आमची बौद्धवाडी आहे, ती कुणी पाहत नाही. तिथं मी वाढले. आमच्या वाडीतल्या पोरी कबड्डी खेळतात. मी पकडीत पक्की होते. अलिबागला कॉलेजात गेले तेव्हा खेळाच्या मॅडमनी मला रग्बी लीग दाखवली. तेरा जणींचा खेळ. चेंडू घेऊन पळायचं. समोरच्यांनी सहा वेळा पाडलं की चेंडू त्यांचा. मी पहिल्याच दिवशी म्हटलं, ही तर कबड्डीच. फक्त मैदान मोठं आणि हातात चेंडू.

आमच्याकडे मैदान नव्हतं. ओहोटीची ओली वाळू होती. सुरूच्या झाडांचे सरळ सोट आणून आम्ही गोलचे खांब रोवले. भरती आली की खेळ बंद. म्हसळ्याची रुबीना माझ्याबरोबर कॉलेजात होती. तिचा बाप कुवेतला. घरून तिला सांगितलेलं, पूर्ण बाह्या आणि पूर्ण पॅन्ट घालून खेळ. ती तशी खेळायची आणि वाऱ्यासारखी पळायची. आम्ही दोघी जिल्ह्यात खेळलो, मग राज्याकडून खेळलो. मग देशाच्या संघात निवड झाली. परदेशात स्पर्धा होती आणि त्याआधीचं शिबिर आमच्याच नागावला ठेवलं होतं.

सर म्हणजे संघाचे मॅनेजर. मुंबईचे. शिबिराच्या पहिल्या दिवशी त्यांनी मला सगळ्यांसमोर विचारलं होतं, "कॉलेजला कोट्यातून आलीस ना? इथं तसं नसतं हं. इथं फक्त मेरिट."

मी गप्प राहिले. अशा प्रश्नांना गप्प राहायची सवय आम्हाला शाळेतच लागते.

फोटो झाल्यावर सरांनी सगळ्यांना सुरूच्या बनात बसवलं. जस्मिन धरून परदेशातून सात मुली आल्या होत्या, बाकीच्या सहा फोटोनंतर पोचल्या. कुणी इंग्लंडची, कुणी ऑस्ट्रेलियाची.

"या हेरिटेज प्लेअर," सर म्हणाले. "यांचे आजी-आजोबा भारतात जन्मले. म्हणून या आपल्याकडून खेळू शकतात. नियम आहे तसा. जगात सगळे देश असंच करतात."

रुबीनानं हात वर केला. "सर, मग आमच्यातल्या सात घरी?"

"घरी कोण म्हणालं? तुम्ही डेव्हलपमेंट स्क्वाड. शिबिरात मदत करा, यांच्याकडून शिका. पुढच्या वेळी बघू."

मी उभी राहिले. "सर, माझीही आजी इथंच जन्मली."

सगळे हसले. सरही हसले. त्यांना तो विनोद वाटला.

मी विनोद केला नव्हता. माझी आजी याच तालुक्यात जन्मली. इथंच राबली, इथंच मेली. तिची आई इथली, तिच्या आईची आई इथली. आम्ही जन्माचं नाव काढलं की हे लोक म्हणतात, मेरिट दाखवा. आणि आता आजीच्या जन्मावर जागा वाटत होते. जन्म चालत होता. फक्त तो आमचा चालत नव्हता.

संध्याकाळी आई कामावरून आली. मी ओट्यावर बसले होते. मला वाटलं, ती जवळ घेईल. तिनं नाही घेतलं. भाताचं आधण ठेवलं, पदराला हात पुसले आणि विचारलं,

"काढलीस कशाला गो?"

"सरांनी सांगितलं."

"हात कोनाचा व्हता? त्याचा का तुजा?"

मी ओट्यावरून उठून आत गेले.

"माज्या आयेला खोतांच्या विहिरीवर वरून पानी वतायचे. तिनं वंजळ धरायची, खाली वाकून. एक दिवस तिनं वंजळ धरलीच न्हाय. पानी सगलं भुईवर गेलं. उनातानाची तशीच घरी आली. तहानलेली आली." आई चुलीकडे वळली. "पर आली."

ही आजी, जिच्या जन्मावर सकाळी सगळे हसले होते. तिची ही गोष्ट आईनं मला कधीच सांगितली नव्हती. त्या दिवशी का सांगितली हेही तिनं सांगितलं नाही. पुढ्यात ताट ठेवलं आणि म्हणाली, "जेव."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा किनारा. सरांनी आम्हा सात जणींच्या हातात जाड पॅड दिले. उशीसारखे मोठे पॅड. ते छातीशी धरून उभं राहायचं आणि संघातल्या मुलींनी पळत येऊन त्यावर धडका मारायच्या. सराव त्यांचा. धडका आम्हाला.

"जस्मिन, तू सुरुवात कर. आणि तू," सर मला म्हणाले, "तुझा तो डमी पास आहे ना, चेंडू दिल्यासारखं करून फसवतेस तो, तिला शिकवून ठेव. वाळूवर तिचा पाय बसत नाहीये."

मी पॅड वाळूवर ठेवला.

"काय झालं?"

"मी पॅड धरणार न्हाय."

"म्हणजे?"

"मी हाफबॅक हाय, मधून खेळ चालवणारी. मला खेळवा. न्हायतर मी इथं कशाला हाय?"

सरांचा आवाज बदलला. "हे बघ, घरच्या घरी शिबिर मिळालंय तुला. किती मुलींना मिळतं? असा अॅटिट्यूड ठेवलास तर पुढच्या वेळी नाव येणार नाही."

"या वेळी कुठं आलं?"

रुबीनानं तिचा पॅड टाकला. मग पनवेलच्या मुलीनं. मग एकेकीनं. सातही पॅड वाळूवर.    मी जागची हलले नाही.

"मॅच घ्या," मी म्हटलं. "आम्ही एका बाजूला, या एका बाजूला. मग सांगा कोण कुठं."

सर नाही म्हणाले. तेव्हा जस्मिन पुढं आली. काय चाललंय ते तिनं रुबीनाला विचारून घेतलं होतं. ती सरांना इंग्रजीत म्हणाली, मला खेळायचंय. बाकीच्या परदेशी मुलींनीही मान हलवली. मग सरांना नाही म्हणता येईना.

आम्ही सात आणि कॉलेजातून बोलावून घेतलेल्या सहा जणी. समोर देशाचा संघ.

आम्ही हरलो.

हे मी लपवणार नाही. चांगल्याच हरलो. त्यांच्या लाथेनं चेंडू कुठं पडेल ते त्यांना आधी ठाऊक असायचं. आम्ही दमलो तेव्हा त्या दमल्या नव्हत्या. मी जस्मिनला दोनदा घोट्यात धरून आडवी केली, कबड्डीची पकड. रुबीनानं कडेनं पळत जाऊन एक ट्राय केला, म्हणजे त्यांच्या रेषेपलीकडं नेऊन चेंडू टेकवला. तेवढंच आमचं. सर मधेमधे माझ्याकडे बघत होते. 'बघ, सांगत नव्हतो?' अशा नजरेनं.

खेळ संपल्यावर जस्मिन माझ्याशेजारी वाळूत बसली. रुबीना मधे बसून तिचं इंग्रजी मला मराठीत सांगत होती. जस्मिन म्हणाली, मी सहा वर्षांची असल्यापासून खेळते. घरामागं क्लब आहे. दिवे आहेत, गवत आहे. आमच्याकडे प्रत्येक गावाचा संघ असतो. शनिवारी आयाबाया शिकवायला येतात. मग तिनं मला विचारलं, "तुमचा क्लब कुठंय?"

मी समोर बोट दाखवलं. भरती चढत होती. आमच्या खांबांच्या पायथ्याशी पाणी आलं होतं.

तिनं त्या खांबांकडे पाहिलं. मग म्हणाली, माझी आजी पुण्याची, पण मी पुणं पाहिलेलं नाही. इथं येऊन तुझ्या जागेवर उभं राहावं लागेल असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

मला तिचा राग आला नाही. तिनं लहानपणापासून घाम गाळला होता, तो खोटा नव्हता. तिच्या आजीचा देश तिचाही असेल, ते मी कोण नाकारणारी? पण एक गोष्ट माझ्या डोक्यात लख्ख झाली. तिच्यात जे होतं ते आजीकडून आलेलं नव्हतं. ते त्या गवतातून आलं होतं. त्या दिव्यांतून, त्या शनिवारांतून. सरांसारखे लोक तयार झालेलं पीक विमानानं आणत होते आणि इथल्या जमिनीला नापीक म्हणत होते. या जमिनीत बी कुणी पेरलं होतं?

संघ परदेशी गेला. आम्ही गेलो नाही. दोन सामने हरला, एक जिंकला असं कळलं. परदेशी मुली तिथूनच आपापल्या घरी गेल्या. इथं खांब होते तिथंच होते. चेंडू तेच, शिवण उसवलेले.

काही महिन्यांनी सर पुन्हा नागावला आले. या वेळी गोड बोलत. सोबत कॅमेरावाला.

"एक छोटासा व्हिडिओ करायचाय. इथल्या गावागावांत लीग चालते असा. वरच्या लोकांना दाखवायला लागतं. लोकल डेव्हलपमेंट दाखवलं नाही तर आपली मान्यता जाईल. चार गावांच्या चार रंगांच्या जर्सी आणल्यात. तुम्ही फक्त खेळल्यासारखं करा. तुला कॅप्टन करतो."

"लीग कुठं चालते, सर?"

"अगं, चालेल की. आधी दाखवूया."

"न्हाय."

"कॅप्टन म्हणतोय मी तुला!"

"खोट्या लीगची खरी कॅप्टन व्हायचं न्हाय मला. कॅमेरा ठेवा. लीग झाली की बोलावते. तेव्हा या."

ते मला बरंच बोलले. आमची जात सरळ तोंडावर काढली नाही, पण "तुम्हा लोकांना कितीही दिलं तरी" एवढं म्हणाले. वाक्य पुरं केलं नाही. आम्हाला ते पुरं करून कळतं. मी विचारलं, "काय दिलंत?" ते गाडीत बसले.

लीग मी आणि रुबीनानं उभी केली. नागाव, किहीम, म्हसळा आणि आमची बौद्धवाडी. वाडीचा संघ मी मुद्दाम वेगळ्या नावानं ठेवला. गावातले एक भाऊ म्हणाले, "नागावच्याच नावात घाला की, वेगळं कशाला? बरं दिसत न्हाय." मी म्हटलं, "भाऊ, पाण्याची लाइन वेगळी, स्मशान वेगळं, ते बरं दिसतं. मग संघही वेगळा दिसू दे." किहीमच्या दोन बापांनी पोरी काढून घेतल्या. वाडीच्या पोरी अंगाला अंग लावून पाडणार, हे त्यांना नको होतं. त्यांतली एक पोर पुढच्या रविवारी आपणहून आली. बापाला सांगून आली, त्याच्याशी भांडून आली. ती आता किहीमची सर्वांत कडक पकड आहे. जस्मिननं तिच्या क्लबातले वापरलेले चेंडू पाठवले. सोबत सरावाचे व्हिडिओ. आई रविवारी होमस्टेची सुट्टी घेते आणि रेषेबाहेर उभी राहून ओरडते. खेळ तिला अजून कळत नाही. "धर गो तिला!" एवढंच ओरडते, आणि ते नेहमी बरोबर असतं.

गेल्या आठवड्यात सरांचा मेसेज आला. पुढच्या स्पर्धेसाठी परदेशात निवड चाचणी ठेवली आहे. तुमची लीग आमच्या बॅनरखाली आणलीत तर स्थानिक दोन जागांचा विचार करू. तुझं नाव पक्कं समज.

मी रुबीनाला बोलावलं. ती टाइप करत गेली, मी सांगत गेले.

लीग आमच्या नावानंच चालेल. परदेशातल्या मुलींना घ्या, आमची ना नाही. पण आधी इथं या. ओहोटीच्या वेळी या आणि शेवटपर्यंत बघा. दोन जागा आम्हाला नकोत. तेराच्या तेरा जागांसाठी इथल्या मुली खेळतील. ज्या हरतील त्या हरतील, आम्हाला हरायची लाज नाही. पण न बघता एकीला जरी बाजूला काढलंत, तर नागाव ते म्हसळा एकही मुलगी तुमच्या शिबिराला येणार नाही. पॅड धरायलाही नाही. माझ्या एकटीच्या नावावर सौदा होणार नाही.

रुबीनानं वाचून दाखवलं. मग विचारलं, "शेवटी 'नम्र विनंती' लिहू?"

"नको," मी म्हटलं. "विनंती नाही ही. पाठव."