लस लेकीची, परवानगीही तिचीच

मंडळी, आज दुपारी इथे जपानात, आमच्या उरायासू शहरातल्या क्लिनिकमध्ये माझी आईपणाची अर्धी नोकरी गेली.

माझी लेक ईरा सोळा वर्षांची आहे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून वाचवणारी लस तिला घ्यायची होती. व्हॉट्सॲपवरचं काहीबाही वाचून मी घाबरले होते आणि वर्षभर "बघू, बाबांना विचारू" म्हणत टाळत होते. शेवटी तिनेच अपॉइंटमेंट घेतली.

मी सही करायला पेन काढलं, तर नर्स हसून म्हणाल्या, "सोळा पूर्ण आहेत ना? मग तिचीच सही हवी."

डॉक्टरांनी ईराला विचारलं, "काही ॲलर्जी?"

"नाही," मी म्हणाले. डॉक्टरांनी माझ्याकडे बघून नम्रपणे मान झुकवली आणि पुन्हा ईराकडे बघितलं.

"आज बरं वाटतंय ना?"

"सकाळी शिंकत होती..." मी सुरू झाले.

"आई!"

मग ईराने ताप येईल का, पुढचा डोस कधी, बॅडमिंटन चालेल का, सगळं विचारलं. यातलं मला एकही सुचलं नव्हतं. सुई टोचली तेव्हा ती शांत होती आणि मी भिंतीकडे तोंड करून उभी.

तेवढ्यात नर्सनी विचारलं, "तुम्हालाही फ्लूची लस देऊ का?"

"घरी ह्यांना विचारून कळवते, असं जपानीत सांग त्यांना," मी ईराला म्हणाले.

तिने सांगितलंच नाही. "आई, सोळा तुलाही पूर्ण झालीत."

घेतली बाई! आता दोघींचे दंड दुखतायत आणि ह्यांनी मुकाट्याने खिचडी टाकलीये.

खरं सांगा, मुलं स्वतःच्या अंगाचा निर्णय स्वतः घेतात तेव्हा तुम्हाला आधी काय वाटतं, अभिमान की धडकी?