कोशिंबिरीची जागा

“सोनाली सोमवारपासून मराठी तुकडीत जाईल, मॅडम,” मुख्याध्यापक म्हणाले आणि नववी सेमीचे युनिट टेस्टचे पेपर त्यांनी माझ्यापुढे सरकवले. “सलग तिसऱ्यांदा गणितात नापास.”

मी स्वतः मराठी माध्यमातली. त्या तुकडीत काही वाईट नव्हतं. पण शिक्षा म्हणून कुणाला तिथं पाठवलं, की माझं डोकं फिरतं. शिवाय सोनालीला अकरावीला सायन्सच हवं होतं. त्यासाठी ती चितेगावहून रोज बस पकडून सेमीच्या वर्गात यायची.

“मला एक दिवस द्या,” मी म्हणाले.

“उद्या मी वर्गात येतो. तोंडी विचारीन. तिनं बरोबर सांगितलं तर इथंच राहील.”

टेस्ट पॉलिनॉमियलवर होती, म्हणजे बहुपदीवर. नाव भारदस्त, प्रकरण साधं. २x³ + ५x − ७ घ्या. यात तीन पदं आहेत. x च्या डोक्यावरचा सगळ्यात मोठा आकडा ३, ती डिग्री. x च्या आधीचे २ आणि ५ हे कोइफिशंट. शेवटचा −७ एकटाच, म्हणून स्थिर पद. प्रश्न होता, फक्त कोइफिशंट क्रमानं लिहा, स्थिर पदही धरा. इथंच दरवर्षी गाडी अडते. x² चं पद दिसत नाही, म्हणून मुलं २, ५, −७ लिहून मोकळी होतात. उत्तर आहे २, ०, ५, −७.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी सोनालीला बोलावलं आणि तिचा पेपर उघडला. तिनं २ लिहिला होता, मग बोटभर मोकळी जागा, मग ५, −७. त्यावर माझ्याच लाल पेनाची काट.

“ही जागा कशाची गं?”

“सोडलीय मॅडम. x² नाय ना तिथं.”

“मग ५ अलीकडं का नाही घेतलास?”

“असं कसं घ्यायचं? पंगतीत कोशिंबीर नसली तर चटणी तिच्या जागी सरकवत नाय. जागा रिकामी ठिवायची. नायतर आई लई बोलती.”

तिचे आईवडील लग्नाच्या पंगतींचा स्वयंपाक करतात आणि सुट्टीच्या दिवशी ही वाढायला असते, हे मला तेव्हा कळलं. मला माझीच लाज वाटली. बावीस वर्षं मी ‘पद नसेल तिथं शून्य’ असं पाठ करून घेत होते. का, ते या मुलीनं ताटावरून सांगितलं.

“त्या रिकाम्या जागेत शून्य लिही,” मी म्हणाले. “एवढंच राहिलं होतं तुझं.”

पुढच्या तासाला खडू तिच्याच हातात दिला. तिनं फळ्यावर मोठं ताट काढलं. मीठ, चटणी, कोशिंबीर, भाजी. “मीठ x³, चटणी x², कोशिंबीर x, भाजी साधा आकडा. आज चटणी नाय. काय लिहायचं?” अख्खा वर्ग ओरडला, “शून्य!” मागच्या बाकावरून कुणीतरी जिलेबीची डिग्री विचारली. हसता हसता पुरेवाट झाली.

मुख्याध्यापक सर दारात केव्हा येऊन उभे राहिले, कळलंच नाही. त्यांनी सोनालीला पेपरातल्याच २x³ + ५x − ७ ची डिग्री विचारली, कोइफिशंट विचारले. सगळं बरोबर आलं. मग त्यांनी खास ठेवणीतला प्रश्न काढला.

“x⁴ सुद्धा नाहीये ना इथं? मग सुरुवातीला त्याचंही शून्य का नाही लिहिलं?”

हे मी शिकवलंच नव्हतं.

सोनालीनं फळ्यावरच्या ताटाच्या काठावर बोट ठेवलं. “सर, डिग्री तीन. ताट इथं संपलं. ताटाभाईर कोण वाढतं?”

सर मनापासून हसले. सोमवारी सोनाली तिच्याच बाकावर होती. जाम आनंद झाला मला.

लाल पेन मी अजूनही वापरते. फक्त काट मारायच्या आधी विचारते, ही जागा कशाची गं?