टपावरचा गूळ

आमच्या नानांनी जुनी ॲम्ब्युलन्स विकत घेतली, तेव्हा घरात कुणीही आजारी नव्हतं.

नाना म्हणजे माझे थोरले काका. आई-वडील लवकर गेल्यामुळे मी धुळ्याला त्यांच्याकडेच वाढलो. काकूंना सगळी गल्ली ‘अक्का’ म्हणायची, म्हणून मीही अक्काच म्हणायचो. नोकरी संपल्यावर नानांच्या मनानं घेतलं, की अक्कांना बद्री-केदार दाखवायचं, पण धर्मशाळेतल्या ढेकणांच्या स्वाधीन व्हायचं नाही. घरच सोबत न्यायचं! मग जळगावच्या एका लिलावातून ही गाडी आली. आत दोन बाकडी ठोकली, स्टोव्हला कोनाडा केला, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे लावले. बाहेरून पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले. तरी खालचा लाल क्रॉस गुलाबी होऊन डोकावायचाच.

पहिला वळवाचा पाऊस आला आणि बाकड्यावर हौसेनं पहुडलेल्या अक्कांच्या थेट कपाळावर धार लागली.

“अहो, हे चालतं घर आहे की चालतं न्हाणीघर?”

टपाचे दोन पत्रे मधोमध जोडले होते. त्या सांध्यात भरलेली लांबी, म्हणजे पुटी, उन्हानं वाळून तडकली होती. गॅरेजवाला म्हणाला, “जुनी लांबी खरवडावी लागेल. चार दिवस ठेवून जा.”

“परवा शिरपूरच्या पुढे मुलगी बघायला जायचंय!” नाना गरजले.

मुलगी माझ्यासाठी बघायची होती. मी जन्माचा भित्रा. मला कुत्र्याची भीती, विजेची भीती, उंचीची भीती आणि या सगळ्यांच्या वर नानांची भीती. पण मी नुकताच ओव्हरसियरची परीक्षा पास झालो होतो (दुसऱ्या खेपेला!) आणि भित्र्या माणसाला अधूनमधून शहाणपणाचा झटका येतो.

“नाना, जुन्या लोकांनी धाब्याच्या गच्च्या कशा टिकवल्या? चुना, गूळ आणि बेलफळाचा गर! दगडासारखं घट्ट होतं. मी करतो.”

नानांनी प्रथमच माझ्याकडे आदरानं पाहिलं. तिथेच मी वाहवलो. चुना अंदाजानं घेतला आणि गूळ सढळ हातानं. मिश्रण जरा पातळ वाटलं म्हणून आणखी गूळ घातला. डोळे अर्धे मिटून टपावर चढलो, सांधा थापून काढला. संध्याकाळी नानांनी वरून बादल्या ओतल्या. आत थेंब नाही!

“पोरगा हुशार निघाला गं!” नाना म्हणाले. (हे वाक्य मी आयुष्यात एकदाच ऐकलं.)

जायच्या दिवशी सकाळी निघालो. नाना गाडी चालवत होते, शेजारी अक्का, मागच्या बाकड्यावर मी, नव्या टेरिलीनच्या शर्टात. गाडी खड्ड्यात आदळली की टप ढोलासारखा वाजायचा, आणि प्रत्येक आदळण्याला माझ्या डोक्यावर पांढरी भुकटी पडायची. माझा दगडासारखा चुना पापडासारखा फुटत होता! नरडाण्याला चहाला थांबलो, तेव्हा टपावरून मुंगळ्यांची रांग खिडकीतून आत उतरताना दिसली. मी पडदा ओढून घेतला. नानांना सांगायची छाती नव्हती.

तापी ओलांडली आणि ऊन असं काही तापलं, की टपावरचा गूळ पाघळला. पहिला थेंब माझ्या नाकावर पडला. दुसरा शर्टावर. पुढे मोजायचं सोडून दिलं. मी बाकड्याच्या या टोकाला सरकलो की थेंब या टोकाला, त्या टोकाला गेलो की थेंब तिथे हजर!

अक्कांनी सहज मागे वळून पाहिलं आणि किंचाळल्या, “अगं बाई! याच्या डोक्यातून काय वाहतंय?”

नानांनी करकचून ब्रेक दाबला. शिरपूर मागे पडलं होतं. समोर सातपुड्याचे डोंगर, मुलीचं गाव हाकेच्या अंतरावर, आणि रस्त्याकडेला एक प्रचंड वड. गाडी त्याच्या सावलीत उभी राहिली. नानांनी माझ्या गालावरून बोट फिरवलं, ते चाटलं आणि शांतपणे म्हणाले, “गूळ आहे.”

नाना शांत झाले की मला जास्त भीती वाटायची.

“वर चढ. सगळा पुसून काढ. या अवतारात मी सोयऱ्यांच्या दारात गाडी नेणार नाही.”

ओलं फडकं घेऊन मी टपावर चढलो. पाहतो तर सांध्यावर मधमाशा बसलेल्या. आधी चार-दोन. मग ओळच्या ओळ. माझ्या हातांवर गूळ, केसांत गूळ, शर्टावर गूळ. त्यांनी टप आणि मी यांत काही भेदभाव केला नाही. एक माझ्या भुवईवर बसली. मी श्वास रोखला.

“नाना... माशा!”

“माशांना काय घाबरतोस? हाकल!”

तेवढ्यात लांबून शेळ्या राखणारा एक म्हातारा अहिराणीत ओरडला, “ओ भाऊ! हालू नको! वर मोहोळ शे!”

मी फक्त बुबुळं वर केली. माझ्या डोक्यापासून जेमतेम पुरुषभर उंचीवर, सुपाएवढं काळं आग्यामोहोळ लोंबत होतं. आणि ते नुसतं लोंबत नव्हतं, हलत होतं! आग्यामोहोळानं बैल मारल्याच्या गोष्टी मी लहानपणापासून ऐकल्या होत्या, आणि मी काही बैलाएवढा नव्हतो.

खाली नानांनीही वर पाहिलं. मी त्यांचा चेहरा असा पांढरा पडलेला कधी पाहिला नव्हता. “धरून राहा,” ते अगदी हळू म्हणाले, “तुला अलगद बाहेर काढतो.” मांजराच्या पावलानं ते गाडीत बसले, काच चढवली, चावी फिरवली. आणि त्या गाडीनं, जी एरवी मुकाट सुरू व्हायची, सायलेन्सरमधून तोफ डागली.

धडाड!

वडावरचं मोहोळ उठलं.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. मी टपावर पालथा पडलेला, दोन्ही हातांनी सांध्याची कड धरलेली. कानात आगगाडीसारखा आवाज. मानेवर, कानावर, गालावर निखारे टेकवल्यासारखं वाटत होतं. गाडी बेफाम धावत होती. ओरडायला तोंड उघडावं, तर माशी आत जाण्याची भीती. खालून मात्र नाना माझं नाव घेऊन ओरडत होते, आणि त्या ओरडण्यात रडू होतं. ते ऐकून मी खरा घाबरलो. नाना रडतात म्हणजे मी बहुधा मरतोय!

इकडे मुलीच्या दारात पाहुण्यांची वाट पाहत अर्धं गाव जमलं होतं. त्यांना काय दिसलं? धुरळा उडवत आलेली ॲम्ब्युलन्स आणि टपावर आडवा पडलेला माणूस!

“अरे देवा! कोन गयं?” एका बाईनं गळा काढला. लगोलग आणखी दोघी रडू लागल्या. मुलीचे वडील, आबा, फेटा सावरत पुढे धावले आणि तेवढ्यात माशा पोचल्या.

“मोहोळ उठनं! बठ्ठा घरमा पळा!” ते ओरडले.

क्षणात अंगण मोकळं झालं. मी टपावरून घसरलो तो धपकन तुळशीपाशी. आता उठून पळण्याचं बळ नव्हतं. मी डोळे मिटले. इतक्यात अंगावर जाडजूड घोंगडी येऊन पडली आणि जवळच गोवऱ्यांचा आणि कडुनिंबाच्या ओल्या पाल्याचा धूर दाटू लागला.

“आतमध्येच राहा. हात बाहेर काढू नका,” एका मुलीचा आवाज आला. आवाजात भीती होती, पण ती धूर घालत तिथेच उभी राहिली होती. हीच सुमन. जिला बघायला मी आलो होतो, ती मुलगी.

माशा पांगल्यावर मला ओसरीवर नेलं. अक्कांनी काटे काढले, कुणी चुना लावला, कुणी तुळशीचा रस. नाना माझा हात धरून बसले होते. “श्वास येतोय ना रे? बोल ना काहीतरी!”

“नाना, टप गळतो,” मी म्हणालो.

ते हसले की रडले, ते मला समजलं नाही, कारण तोवर माझे दोन्ही डोळे सुजून बंद झाले होते. गाल तर एवढे फुगले, की कान मागे गेले.

डॉक्टर येऊन सुई टोचून गेले. जिवाला धोका नाही म्हणाले. मग आबा संकोचून म्हणाले, “आता आलाच आहात, तर कार्यक्रम उरकून घ्यायचा का?”

सुमन पोहे घेऊन आली. म्हणजे, आली असं मला सांगण्यात आलं. मी अंदाजानं नमस्कार केला तो खांबाला. मला ती अजिबात दिसली नाही. पण घोंगडी टाकणारीचा तो आवाज कानात होता. “मुलगी पसंत आहे,” मी सुजलेल्या ओठांतून म्हणालो.

आतल्या खोलीतून बायकांची कुजबुज ऐकू आली. “पोऱ्या चांगला भरेल शे!” “गाल कसे गुबगुबीत! खात्यापित्या घरना दिसस!” थोड्या वेळानं तिकडूनही होकार आला.

आता खरं सांगायचं तर मी त्या काळी इतका किरकोळ होतो, की वाऱ्याच्या दिवशी अक्का मला सायकलवर बसू देत नसत. आठवड्याभरात सूज उतरली आणि गाल पुन्हा जागच्या जागी आत गेले. हे सोयऱ्यांना कळवावं, असं कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

लग्नाच्या दिवशी अंतरपाट दूर झाला आणि मी सुमनला प्रथमच पाहिलं. छान होती! मी हसलो. ती मात्र हार हातात घेऊन थिजली. घाबरून मागे वळली आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “आबा, हाऊ कोन शे?”

आबांनी चष्मा पुसून माझ्याकडे पाहिलं. “मी बी तेच बघी ऱ्हायनू!”

मांडवात कुजबुज वाढली. दोघे-तिघे काका पुढे सरसावले. तेवढ्यात मागून नानांचा दबका, घाबरा आवाज आला, “अरे गधड्या, गाल फुगव! गाल फुगव!”

मी जीव एकवटून गाल फुगवले. तेव्हा कुठे माझ्या गळ्यात हार पडला!