रोटातली मूठ

खरं सांगते, त्या वर्षी कानबाईपुढं हात जोडताना माझ्या मनात भक्ती कमी आणि राग जास्त होता. लग्नाला आठ वर्षं झाली होती. कुणाच्या डोहाळजेवणाला गेले की बायका ओटी भरताना मला हळूच वगळायच्या, आणि मी हसून पाणी वाटायला उठायची. शेवटी नंदुरबारच्या एका डॉक्टरीणबाईंकडे उपचार सुरू केले. आधी सहा महिने गोळ्या, मग पोटात टोचायची इंजेक्शनं. गोळ्यांनी अंगाची लाही लाही व्हायची, भर थंडीत मी पंखा लावून बसायची, आणि कारण नसताना रडू फुटायचं. सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "गोया खाईसन पोरगी चिडचिडी व्हई गयी." चिडचिडी? अहो, त्यांनी प्रेमानं भाकरी वाढली तरी मला भांडावंसं वाटायचं!

श्रावणात आमच्या धानोऱ्याच्या घरी कानबाई, म्हणजे आमची खानदेशची देवी, बसते. रविवारी नारळाला डोळे, नथ लावून, नटवून चौरंगावर मांडायचं आणि सोमवारी वाजतगाजत पाण्यावर न्यायचं. तिच्या नैवेद्याचे रोट, म्हणजे गव्हाच्या जाड पोळ्या, फक्त घरच्यांनी खायच्या, परक्याला तुकडाही द्यायचा नाही. रोटाचे गहू घ्यायची रीत अशी, की घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. सासरे, दीर आणि सुरतेला कापडाच्या कारखान्यात असलेले आमचे हे, अशी आमची तीन नावं. बायकांच्या नावाची मूठ नसते. बायका दळतात, लाटतात, वाढतात. मला त्याचं कधी काही वाटलंही नव्हतं.

त्या शनिवारी मी आणि सासूबाई सूप घेऊन बसलो. अंडं फुटायचं मोठं इंजेक्शन घेऊन मला पाच दिवस झाले होते, त्यासाठी हेही सुरतेहून दोन दिवस येऊन गेले होते. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, पंधरा दिवस तपासणी करायची नाही. पण तीन मुठी टाकून झाल्यावर सासूबाईंचा हात थांबला. "दयन करानं पहिले समजाले पायजे, माय. पोटमा पोऱ्या व्हई ते त्यानी मूठ ऱ्हाई जाई." दळण एकदा झालं की मूठ वाढवता येत नाही, हे खरंच होतं. मीही विचार केला, पाच काय आणि पंधरा काय! मेडिकलमधून पट्टी आणली, मोरीत गेले, आणि पट्टी हातात धरूनच बाहेर आले. दोन रेघा होत्या. आठ वर्षांत मी दुसरी रेघ कधी पाहिली नव्हती. सासूबाईंना एवढंच म्हणाले, "टाका मूठ." त्या सुपावर वाकून रडायलाच लागल्या.

रविवारी मी पाण्याचा घोटही न घेता उपास केला. संध्याकाळपर्यंत परकराची नाडी सैल करावी लागली, सोमवारी तर साडी नेसताना श्वास लागला. सासूबाईंना कोण आनंद! "पोट दिसाले लागनं," म्हणत त्यांनी माझी दृष्ट काढली. आता तुम्ही म्हणाल, आठवड्यात कुणाचं पोट दिसतं का? दिसत नाही, हे आम्हा दोघींनाही कळत होतं. पर्समध्ये डॉक्टरीणबाईंचा कागद होता. पोट फुगलं, दम लागला, लघवी कमी झाली तर ताबडतोब या, असं त्यावर लिहिलं होतं. मी तो मुद्दाम उघडला नाही. गेले आणि त्या 'नाही' म्हणाल्या तर? त्या 'नाही'ला मी मरणापेक्षा जास्त भीत होते, ही माझी चूक मी आज कबूल करते.

अशी बातमी फोनवर सांगायची नसते, म्हणून मंगळवारी सासूबाई मला घेऊन माझ्या माहेरी निघाल्या. विसरवाडीला गाडी बदलायची होती. तिथं उतरले आणि मला चार पावलं चालवेना. चहाच्या टपरीजवळ एक बाई टोपलीत कर्टुली घेऊन बसली होती. गळ्यात काळा दोरा, त्यात छोटासा क्रूस. तिनं स्वतःखालचं पोतं ओढून मला त्यावर बसवलं आणि माझ्याकडे बघतच राहिली.

"कितवा महिना?"

मी म्हटलं, "आत्ताच कळलंय. इंजेक्शनं घेतली होती."

तिचा चेहरा उतरला. "सकाळपासून लघवीला गेलीस का तू?"

भर रस्त्यात हे काय विचारणं! पण मी आठवायला लागले. आदल्या दुपारपासून मी गेलेच नव्हते.

"हे पोर नाही गं," ती म्हणाली. "पाणी आहे. माझ्या बहिणीला गुजरातेत अशाच इंजेक्शनांनी झालं होतं. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल."

सासूबाई भडकल्या. "तोंड सांभायीसन बोल, बाई! कानबाईनं दियेल शे ते!"

त्या बाईनं टोपली टपरीवाल्याच्या हवाली केली आणि नंदुरबारकडे जाणाऱ्या जीपसमोर हात पसरून उभी राहिली. तासाभराच्या रस्त्यात माझं डोकं तिच्या मांडीवर होतं. ती तिच्या कोकणी या आदिवासी बोलीत येशूचा धावा करत होती, आणि माझे पाय धरून बसलेल्या सासूबाई कानबाईचा. कोण कुणाला हाक मारतंय हे मला कळेनासं झालं. मीही मनात म्हटलं, आता तुम्हीच बघा, माझ्या हातात काही उरलं नाही. आठ वर्षांत पहिल्यांदा मी काही मागितलं नव्हतं.

सोनोग्राफी झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी डोक्याला हात लावला. इंजेक्शनांनी अंडाशयं नारळाएवढी सुजली होती, पोटात पाणी साचलं होतं, रक्त घट्ट व्हायला लागलं होतं. आणखी एक दिवस गेला असता तर किडन्यांचं खरं नव्हतं. "आणि ती रेघ?" मी विचारलं. "ती इंजेक्शनची," त्या म्हणाल्या. "त्या औषधानंच पट्टीवर रेघ येते. म्हणून तर पंधरा दिवस थांबा म्हटलं होतं." मला रडूसुद्धा आलं नाही. कुणीतरी झोपेत थोबाडीत मारावी तसं झालं होतं. आठ दिवस मला दवाखान्यात ठेवलं, आणि घरी आल्यावर थोड्याच दिवसांत पाळी आली.

ती बाई पहिल्याच संध्याकाळी न सांगता निघून गेली होती. सासूबाईंनी ठरवूनच टाकलं होतं, ती कानबाईच होती, आता काही सापडायची नाही. बरी झाल्यावर आम्ही विसरवाडीला गेलो तर बाई टोपली घेऊन त्याच जागी! "मी रोज इथंच बसते की," ती हसून म्हणाली. तिचं नाव मार्थाबाई. बहिणीचं पुढं काय झालं ते मी तेव्हा विचारलं. "तिला आम्ही उशिरा नेलं," एवढंच बोलून ती कर्टुली निवडायला लागली. सासूबाईंनी सगळ्यांदेखत तिचे पाय धरले.

या श्रावणात पुन्हा सूप घेऊन बसलो. उपचार मी सध्या थांबवले आहेत, पुढं घेईन की नाही ठाऊक नाही. सासूबाईंनी तीन मुठी टाकल्या. चौथी टाकताना म्हणाल्या, "हाई मार्थाबाईनी. ती आते घरनी शे, तिले रोट चालस." मला हसू आलं. मग त्यांनी पाचव्यांदा गव्हात हात घातला. पुन्हा पोराच्या नावाची मूठ टाकतात की काय! मी त्यांचा हात धरला. म्हटलं, "नको, आई. आता नको."

त्यांनी माझा हात बाजूला केला. "तुन्ही शे हाई मूठ. गये साले जो नही व्हता, त्यानी मूठ टाकी मी. नि समोर बठेल व्हती तिनी नही टाकी."

कानबाईपुढं यंदा मी हात जोडले, पण ओठांवर मागणं काही आलं नाही. माझ्या नावाचा रोट मी सासूबाईंच्या शेजारी बसून खाल्ला.