मावशीचं जाळं

"वैनी, मासली कुठं पलत नाय. आधी पोरींचं बघू," म्हणत मावशी आपली पाटी आमच्या ओट्यावर ठेवायची आणि मैदानाकडे तोंड करून बसायची. सुकापूरच्या आमच्या गल्लीत ती रोज संध्याकाळी मासळी विकायला यायची. मासळीवाल्या तुम्हीही खूप पाहिल्या असतील, पण गिऱ्हाइकाकडे पाठ करून बसणारी पाहिली नसेल.

समोर मुली फुटबॉल खेळायच्या. माझी मुलगी पुढे धावायची, मावशीची नात गोल सांभाळायची. तेव्हा आमच्याकडे मुलींचा फुटबॉल म्हटलं की लोक हसायचे. नातीला कोणी हसलं की मावशी म्हणायची, "हसा. दात वाळतील."

गोल म्हणजे दोन दगड. मुलींनी बॉल मारला की त्याच मैदानात खेळणारी मुलं ओरडायची, "बाहेरून गेला." रोजचं भांडण. शेवटी ठरलं, रविवारी मुलं विरुद्ध मुली मॅच खेळायची. जो जिंकेल त्याला संध्याकाळचं मैदान. हरल्या तर मुलींचा खेळ संपला, कारण दुसरी जागा नव्हती.

मावशीने घरचं जुनं जाळं आणलं. एकच होतं, ते मुलांच्या गोलला बांबू रोवून बांधलं. खाडीत लावतात तसंच लावलं तिने. तोंड रुंद, मागे निमुळतं होत गेलेलं शेपूट आणि शेपटाला गाठ. आत गेलेला मासा परत फिरत नाही, असं ते जाळं.

मॅच संपत आली, दोन्हीकडे गोल सारखेच होते, तेव्हा माझ्या मुलीने बॉल मारला. मुलं सवयीने ओरडली, "बाहेरून गेला."

मावशी ओट्यावरून उठली. "मंग बाहेर शोध ना, बाबू."

बॉल शेपटात जाऊन बसला होता. दुसरा बॉल कोणाकडे नव्हता. मुलं गाठीशी झगडली, पण ती सुटेना. मग मावशी बसली सोडवायला. "दम धर रं. घाईत सुटत नाय ती." ती सुटली तेव्हा बॉल दिसेना इतका अंधार झाला होता. मैदान मुलींना मिळालं.

मी चारचौघांत बोलत नाही. त्या दिवशी मात्र ओट्यावर उभी राहून टाळ्या वाजवल्या.

आता मावशी नाही. मैदानात लोखंडी गोल आले, तळोज्याहूनही मुली खेळायला येतात. नात त्यांना शिकवते. खेळ संपला की ती गोलचं पांढरं जाळं गुंडाळून आजीचीच गाठ मारते. दुसऱ्या दिवशी लवकर आलेल्या मुली गाठ ओढून बघतात, आणि मग ताई येईपर्यंत आमच्या ओट्यावर बसतात.