एका दमातलं गाऱ्हाणं

चौथीनंतर माझी शाळा सुटली ती सुटलीच. पुढे शिलाईचं काम शिकलो आणि बाविसाव्या वर्षी मोटारीच्या टपावर मशीन बांधून घाट उतरलो, तो थेट तोंडवलीच्या किनाऱ्याला. माझं गाव घाटावर, दीड दिवसाच्या वाटेवर. इथं मासे विकणाऱ्या एका विधवा बाईनं मला मशीन मांडायला आपली पडवी दिली. सगळे तिला काकी म्हणत, मीही म्हणू लागलो. पहिल्याच वर्षी मला विषमज्वर झाला, तेव्हा एकवीस दिवस तिनं मला पेज भरवली. परक्या माणसासाठी एवढं कोण करतं? त्यामुळे काकीचं मन मोडेल असं काही आपल्या हातून घडेल, ही धास्ती माझ्या मनातून कधी गेलीच नाही.

काकीचा एकुलता एक मुलगा फौजेत होता. त्या वर्षी त्याच्या तुकडीला दूरच्या एका वाळवंटी मुलखात पाठवलं होतं. तिथली लढाई थांबली होती, आणि ती पुन्हा पेटू नये म्हणून दोन्ही फौजांच्या मधे आपली माणसं उभी होती. लढाई थांबवण्यात आपल्या एका मोठ्या पुढाऱ्याचा हात आहे, असं पेपरात येई. मुलाची पत्रं काकीला मीच वाचून दाखवायचो. ज्येष्ठापासून पत्र नव्हतं.

श्रावणात एक दिवस गावातले निवृत्त मास्तर पडवीत बसून तीन दिवसांचा शिळा पेपर वाचत होते. जगातला शांततेचा सगळ्यात मोठा मान आपल्या पुढाऱ्याला मिळावा, असं जिकडेतिकडे बोललं जातंय, असं त्यात होतं.

“मिळायलाच हवा,” मास्तर म्हणाले. “एवढी माणसं मरायची वाचली.”

सदऱ्याला बटण लावून घ्यायला आलेला, होडी चालवणारा तांडेल हसला. “मास्तरानु, भांडाण सोडवल्याचो मान आसलो, तर तो पयलो माझ्या बायलेक देवक होयो. वाडीतली सगळी भांडणा तीच सोडवता.”

“सोडवता काय लावता?” कुणीतरी म्हणालं आणि पडवी हसली.

काकी अंगणात टोपली धूत होती. मान वर न करता ती म्हणाली, “भांडाण थांबला, तर माझो झील अजून थंय कित्याक उभो आसा?”

मास्तर समजावू लागले, की तो उभा आहे म्हणूनच थांबलंय. काकीनं टोपली पालथी घातली. “पयला झीलाचा पत्र येवंदे. मगे देवा खंयचो मान तो.”

गोष्ट एवढ्यावर मिटली असती. पण मास्तरांनी ते मानाचं मागणं नारळी पुनवेच्या गाऱ्हाण्यात घालायचं ठरवलं. पुनवेला होड्या पाण्यात लोटण्याआधी देवळात मानकरी देवाला गाऱ्हाणं घालतो. एकेक मागणं तो मोठ्यानं म्हणतो आणि जमलेले सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणून होकार देतात. घरटी एक पुरुष उभा राहतो. त्या गावची वहिवाट अशी, की एका घरानं जरी तोंड मिटलं तरी ते मागणं देवापर्यंत पोचत नाही.

काकीच्या घरात पुरुष नव्हता. तिनं मला उभं राहायला सांगितलं. माझ्यासारख्या उपऱ्याला हा केवढा मान होता! पण सोबत तिनं बजावलं, “सगळ्याक व्हय म्हण. त्या पुढाऱ्याच्या मानाचा नाव इला, की तोंड मिटून रव. माझ्या घराचो होकार नाय.”

देवळात शिरताच तांडेलानं टोमणा मारला, “काय रे घाट्या, तुझी भाषा आमच्या देवाक कळतली मा?”

मानकऱ्यानं नारळ हातात घेतला. “बा देवा म्हाराजा! दर्यात जातली होडी सुखरूप हाड म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” मीही ओरडलो.

“शेताक किडो लागू देव नको म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

मग मानकऱ्यानं मास्तरांकडे पाहिलं आणि एका दमात म्हटलं, “लांबच्या मुलखात उभ्या रवलेल्या आमच्या लेकरांका सांभाळ, आणि आमच्या पुढाऱ्याक तो शांततेचो मान गावंदे म्हाराजा!”

गप्प बसावं तर मुलाचा सांभाळ मागायला त्याच्याच घराचा नकार. होकार द्यावा तर काकीचा शब्द मोडला. सगळ्यांचा होकार होऊन गेला होता आणि मानकरी थांबला होता. माना माझ्याकडे वळल्या.

“व्हय म्हाराजा,” मी म्हणालो.

घरी येऊन सगळं जसंच्या तसं सांगितलं. काकी ओरडेल असं वाटलं होतं. ती नुसती विचारत राहिली, “सांभाळ आणि मान? एकाच दमात?”

“हो.”

“मगे दोनय जुळले रे. एक गावला नाय, तर दुसराय गावचा नाय.”

त्या दिवसापासून काकी त्या मानामागे लागली. टोपली डोक्यावरून उतरवायच्या आधी विचारायची, “त्या मानाचा काय लिवल्यानी?” पत्र येतच नव्हतं. पुढारी त्या मानाला लायक होता की नव्हता, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं, आजही येत नाही. पण तो त्याला मिळावा म्हणून माझ्याइतकं कुणी झुरलं नसेल.

दिवाळीनंतर बातमी आली. यंदा कोणीही पात्र ठरलं नाही, मान कोणालाच नाही. मी ती तीनदा वाचली आणि पेपराचं ते पान बाहीचा नमुना म्हणून कापून फळीवर टाकलं.

“काय लिवल्यानी?”

“अजून ठरलं नाही, काकी.”

मग मास्तरांच्या घरी जाऊन हात जोडले. ते म्हणाले, “मी आपणहून सांगणार नाही. पण विचारलं तर खोटंही बोलणार नाही.”

पुढचे बारा दिवस मास्तर रस्त्यानं दिसले की माझा टाका वाकडा जायचा. तेराव्या दिवशी ते कोटाचं माप द्यायला आले आणि काकीनं विचारलंच.

“यंदा कोणालाच दिला नाही, काकी,” मास्तर सावकाश म्हणाले. “दिवाळीनंतर लगेच आलं होतं पेपरात.”

काकीनं माझ्याकडे पाहिलं. “तुका म्हायत होता?”

मी होय अशी मान हलवली.

“वाच.”

फळीवरची कागदी बाही काढली आणि तिच्यावरची बातमी वाचली. एका बाजूची अक्षरं कापली गेली होती, ती तोंडानं भरली.

“कोणच नाय? एवढ्या जगात?” काकी म्हणाली. “थंय उनात उभे आसत, त्यांचा नाव तरी कोणी घेतल्यान?” मग ती पायरीवर टेकली. “मान गेलो. आता माझो झील...”

“काकी, जोडलेलं उसवता येतं,” मी म्हणालो. तोवर गावात मी कधी कुणाला शहाणपण सांगितलं नव्हतं.

भर दुपारी मानकऱ्याला जेवणावरून उठवलं. “ह्या घाट्यान आता आमका गाऱ्हाणा शिकवचा काय?” तो कुरकुरला. पण मास्तर पुढे झाले. “चूक माझी होती. मीच जोडायला लावलं होतं,” ते म्हणाले. देवळात मानकऱ्यानं मुलाच्या सांभाळाचं मागणं तेवढं वेगळं घातलं. होकार द्यायला आम्ही तिघंच होतो. बायकांनी होकार द्यायची रीत नव्हती, पण काकीचाच आवाज सगळ्यात मोठा होता.

पौषात पत्र आलं. पोस्टमननं ते काकीच्या हातात दिलं तेव्हा मी मशीन थांबवून उभा राहिलो, हात पुसले. काकी माझ्यासमोरून गेली, पायऱ्या उतरली आणि पाकीट छातीशी धरून मास्तरांच्या घराकडे चालू लागली.

परत आली तेव्हा चेहऱ्यावरूनच कळलं. “बरो आसा,” ती म्हणाली आणि माझ्यापुढे पेजेची वाटी ठेवली. पुढे सात वर्षं मी त्या पडवीत राहिलो. तिनं मला कधी काही कमी पडू दिलं नाही. पत्रं मात्र ती मास्तरांकडूनच वाचून घेत असे.