विरुपाक्षप्पांच्या सहीवाचून अडलेला सर्व्हर

मुरुमच्या मोंढ्यात एका आडत दुकानाच्या माडीवर वजनकाट्यांचे प्रोग्रॅम लिहिणारी एक कंपनी आहे. तिचा सगळा कोड विरुपाक्षप्पांच्या लोखंडी कपाटात असे. आप्पांना संगणक साधा चालूही करता येत नसे, पण त्यानं काही बिघडलं नव्हतं. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये त्यांची छत्तीस वर्षं गेली होती. दोन पोरांनी एकच फाइल एकाच वेळी बदलून तीन तालुक्यांतले काटे बंद पाडले, तेव्हा मालक गौरीशंकरशेठ निवृत्त आप्पांना हाताला धरून घेऊन आले.

आप्पांनी आठवड्यात शिस्त लावली. फाइल बदलायची तर अर्ज द्यायचा, रजिस्टरात सही करून पेनड्राइव्ह न्यायचा, काम झालं की परत आणायचा. मग आप्पा तो लाल फडक्यात बांधून, वर चिठ्ठी लावून कपाटात ठेवत. एकाकडं फाइल गेली की दुसऱ्याला ती मिळत नसे, मग तो कितीही रडो. लोक हसले, पण त्यानंतर एकही काटा बंद पडला नाही.

यंदा शेठनी बिल्ड सर्व्हर बसवला. कोड बदलला की आपोआप नवा प्रोग्रॅम बांधायचा, तपासायचा आणि काट्यांवर धाडायचा, हे त्याचं काम. पण त्याआधी त्याला कुणाला तरी विचारावं लागतं, की बाबा, काय बदललं आणि कुणी बदललं? कोड सांभाळणाऱ्या नामांकित प्रोग्रॅमांना असं विचारणारे प्लगइन, म्हणजे छोटे जोड-प्रोग्रॅम, तयार मिळतात. विरुपाक्षप्पांना विचारणारा मात्र कुठंच मिळेना. तो लिहायचं काम श्रावस्तीवर आलं. चोवीस वर्षांची ही पोरगी कंपनीत सगळ्यांत हुशार, आणि सांगितलेलं काम शब्दशः करणारी.

"प्लगइन चालू झाला की तुमी मोकळे, आप्पा," शेठ म्हणाले. "घरी बसा निवांत. नातवंडं खेळवा."

नातवंडं हैदराबादला होती. घरात एक टीव्ही होता आणि तो आप्पांना कधी काही विचारत नसे.

शेठनी श्रावस्तीला बजावलं होतं, "आप्पा करतात तस्संच सर्व्हरनं करायला पाहिजे. तसूभर फरक नको." तिनं चार दिवस आप्पांसमोर बसून एकेक नियम विचारला आणि सेटिंगच्या फाइलीत भरला. आप्पांनीही हातचं राखून ठेवलं नाही.

सोमवारी सर्व्हर सुरू झाला. साडेअकराला त्यानं पहिला बदल परत केला, कारण अर्जात कारण लिहिलेलं नव्हतं. एक ते अडीच त्यानं पडद्यावर 'जेवणाची सुट्टी' अशी पाटी लावली. अमावस्येला नवीन काम हाती घेतलं नाही. बाकी सगळं जमलं, तरी शेवटी तो एकच ओळ दाखवून थांबे : 'विरुपाक्षप्पांची सही बाकी.' मग आप्पांनी येऊन बटण दाबायचं.

शेठचा पारा चढला. "काढ ती सही!"

"काढते की. पण प्लगइनचा कोडपण कपाटातच असतोय," श्रावस्ती म्हणाली. "तो बदलायलाबी आप्पांची सही लागतीय."

"मागल्या दारानं काढ."

"तसं काढता येतंय, सायेब. पण मग कपाट कशाला पाळलं एवढी वर्षं?"

"मग दे अर्ज," शेठ म्हणाले. आप्पांना तर आनंद लपवता येईना. या वयात असं खूश होणं शोभत नाही हे त्यांना कळत होतं, तरी रोज दहाला ते इस्त्रीचा सदरा घालून जिना चढत होते.

सही काढण्याचा अर्ज श्रावस्तीनं दिला. आप्पांनी तो परत केला, सोबत जुनी प्रत जोडली नव्हती. दुसरा परत केला, शेठच्या सहीखाली तारीख नव्हती. खालच्या दुकानातले हमालसुद्धा आता विचारू लागले, "आप्पा, आज काय चूक काढली?"

तिसरा अर्ज गुरुवारी आला. आप्पांनी चष्मा पुसून तो वाचला. कारण होतं, प्रत होती, तारीख होती. समाससुद्धा सोडलेला होता. त्यांनी कालनिर्णय काढून तिथी बघितली, अमावस्याही नव्हती. मग अर्ज पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"पोरी, ह्यात चूक न्हाय."

"न्हाय, आप्पा."

"एखादी ठिवायची व्हतीस की."

श्रावस्ती खाली बघत राहिली. "तुमीच शिकवलं की ओ," ती म्हणाली.

बिनचूक कागद आप्पांनी छत्तीस वर्षांत कुणाचा अडवला नव्हता. वैऱ्याचासुद्धा नाही. त्यांनी सही केली, तारीख टाकली आणि पडद्याजवळ जाऊन बटण दाबलं.

मागं रांगेत अडकलेले सात बदल सर्व्हरनं आता कुणाची सही न मागता एकामागोमाग एक घेतले. आप्पा खुर्चीच्या पाठीला धरून सातही होईपर्यंत उभे होते.